गाठ गळ्यात, घाला हृदयावर

गळ्यात गाठ हाताला लागली की पहिला प्रश्न ठरलेला: कॅन्सर तर नाही ना? थायरॉईडची अतिक्रियाशील गाठ क्वचितच कॅन्सरची निघते. तिचा धोका वेगळाच आहे आणि तो पुरता उलगडायला पावणेदोनशे वर्षे लागली.

१८२० मध्ये जिनिव्हाच्या डॉ. कॉइंदे यांनी गलगंडावर आयोडीन दिले. गलगंड ओसरले, पण काहींची छाती धडधडू लागली, वजन उतरले. १९१३ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या हेन्री प्लमर यांनी डोळे बाहेर आणणारा ग्रेव्हज आजार आणि जुन्या गाठीतून उद्भवणारा आजार वेगळे केले. १९४१ मध्ये बॉस्टनला सॉल हर्ट्झ यांनी किरणोत्सारी आयोडीनचा उपचार सुरू केला. थायरॉईड आयोडीन शोषून घेते, याच तत्त्वावरच्या स्कॅनमध्ये गाठ ठळक उमटते, उरलेली ग्रंथी मात्र जवळपास दिसतच नाही. कारण थायरॉईडचे संप्रेरक वाढले की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी थायरॉईडला चालना देणारे टीएसएच सोडताना हात आखडता घेते. निरोगी भाग थांबतो, गाठ कुणाचे ऐकत नाही. या बेबंदपणामागे बऱ्याचदा टीएसएचच्या ग्राहीतील जनुकीय बदल असतो, हे १९९३ मध्ये कळले.

अशा गाठीला आयोडीन जास्त मिळाले की ती संप्रेरकही जास्त बनवते. ऑस्ट्रेलियातील टास्मानियात १९६६ पासून पावात आयोडीन मिसळले गेले आणि जुनी गाठ असलेल्या प्रौढांत हा आजार वाढला. पण म्हणून काही आयोडीनयुक्त मीठ सोडायचे नाही. मुलांच्या मेंदूच्या वाढीसाठी ते हवेच. मात्र गाठ असेल, तर सीटी स्कॅनसाठी आयोडीनयुक्त औषध टोचण्याआधी डॉक्टरांना सांगावे.

१९९४ मध्ये अमेरिकेतील फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासाने हृदयाकडे बोट दाखवले. साठीपुढच्या ज्यांचे टीएसएच फारच कमी होते, त्यांच्यात दहा वर्षांत एट्रियल फिब्रिलेशनचा धोका सुमारे तिप्पट आढळला. या अनियमित ठोक्यांत हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. या आजारात पाळी थांबलेल्या स्त्रियांची हाडेही ठिसूळ होऊ शकतात.

गोळ्यांनी संप्रेरक आटोक्यात येते, पण त्या थांबवल्या की आजार बहुधा परततो. कायमचा इलाज किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून अणुवैद्यकाचे, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ वापरून निदान आणि उपचार करण्याचे काम चालते.

घरातल्या आजीचे वजन घटतेय, हात थरथरतोय, नाडी चुकतेय, तर ‘वयच झालं’ म्हणून सोडून देऊ नका. टीएसएचची साधी रक्ततपासणी करून घ्या.