माळवदावरची माती

मराठवाड्यात आणि सोलापूरकडे जमिनीला दोन नावं आहेत. पिकते ती काळी, माणसं राहतात ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या भिंती, चुलीची राख, गोठ्यातलं शेण साचत जातं, गावठाण उंचावतं आणि मातीत क्षार मुरतात. घराच्या छपराला हीच माती हवी असते. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात भेगाळते. पांढरी भिजली की क्षारांमुळे तिचे बारीक कण सुटे होतात, छिद्रांत बसतात आणि पाणी खाली झिरपू देत नाहीत. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथं उतरत्या कौलांवाचून निभाव नाही. सह्याद्रीआडच्या कोरड्या मुलखात मात्र सपाट माळवद चालतं.

तुळयांवर लाकडी चिपा, त्यावर पाला, त्यावर हातभर माती. एप्रिलमधलं दुपारचं ऊन एवढा थर ओलांडून खोलीत उतरेपर्यंत संध्याकाळ होते आणि तोवर माणसं अंथरूण घेऊन माळवदावर गेलेली असतात. दिवसा सावली देणारं छप्पर रात्री अंगण होतं. इतकं शहाणं घर मला दुसरं माहीत नाही.

पण मृगाआधी दरवर्षी वर नवी माती पडे आणि जुनी कोणी काढत नसे. छप्पर थंड राही, तसं जडही होत जाई. खालच्या भिंती चिखलात रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या, आत-बाहेर दोन थरांच्या. ते थर एकमेकांना बांधणारा लांब दगड बहुधा नसेच. मोठ्या भूकंपाची आठवण कोणाला नव्हती, म्हणून घरानं त्याचा विचारच केला नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हादरली. आदल्या दिवशीच गणपतींचं विसर्जन झालं होतं. हजारो माणसं दगडमातीखाली गेली.

पुढं ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. आखीव रस्ते, काँक्रीटची घरं. मातीची भीती मनात इतकी खोल बसली होती की माळवदाचं नाव कोण काढणार? तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. इथं घर खणांत मोजत, म्हणजे लाकडी खांबांमधल्या अंतरांत. ज्या घरांत हे खांब आणि तुळया एकमेकांत घट्ट बसवलेल्या होत्या, तिथं काही ठिकाणी भिंती बाहेर कोसळल्या, पण मातीचं ओझं पेलून छप्पर खांबांवर उभं राहिलं.