बैलाचा फरा
(देहाचा ताणबंध : लेखांक ७)

पावलाच्या कमानीविषयी या आठवड्यात लिहिण्याचे मी कबूल केले होते. परंतु मजकूर जुळवीत असतानाच नगर जिल्ह्यातील एका शेतकरी वाचकांचे पत्र हाती आले, आणि त्यांचा प्रश्न इतका मूलगामी आहे की, कमानीचा विषय पुढील लेखांकापर्यंत तहकूब ठेवणे मला इष्ट वाटले. ते विचारतात : बैलाच्या सांगाड्यात मागचे पाय खुब्यापाशी धडात पक्के बसलेले दिसतात, पण पुढचे पाय धडाला कोठे जोडलेले असावेत, याचा मागमूसही सापडत नाही, हे कसे?

ते जोडलेलेच नसतात. माणसाच्या गळ्याखाली आडवे असणारे जत्रूचे हाड बैलाला नाही, घोड्यालाही नाही. त्यामुळे पुढच्या पायाचा फरा आणि छातीचा पिंजरा यांच्यामध्ये हाडाचा एकही सांधा नसतो. उभ्या जनावराच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भार पुढच्या पायांवर येतो, आणि तो सारा दोन फऱ्यांच्या आतल्या अंगाकडून बरगड्यांकडे फाकत जाणाऱ्या स्नायूंनी व त्यांवरील पडद्यांनी तोललेला असतो. नांगर ओढणारे ते प्रचंड धड आपल्याच दोन पायांच्या मध्ये टांगलेले असते!

बोरेली या इटालियन शास्त्रज्ञाच्या ग्रंथापासून, म्हणजे १६८० च्या सुमारापासून, प्राण्यांच्या हालचालींचा हिशेब तरफेच्या नियमाने मांडण्याची वहिवाट पडली आहे, आणि पुष्कळ ठिकाणी ती उपयोगीही पडते. पण तरफेला टेकू लागतो, आणि बैलाच्या फऱ्याला धडाकडचा टेकू कोणता, या प्रश्नाला त्या हिशेबात जागा नाही. स्नेल्सन या शिल्पकाराच्या, ताणलेल्या तारांनी उभ्या राहिलेल्या सुईमनोऱ्याने ज्यांना झपाटले, त्या लेव्हिन या अस्थिशल्यविशारदांनी १९९७ मध्ये नेमका खांदाच विचारास घेतला, आणि त्याला सायकलच्या चाकाची उपमा दिली. चाकाचा तुंबा खालच्या तारांवर उभा नसतो, कारण इतकी बारीक तार दाबाखाली तत्काळ वाकेल. आधीच ताणून बसविलेल्या सर्व तारा मिळून त्याला मध्यभागी धरतात, आणि भार कोणत्याही दिशेने आला तरी तो सगळ्यांत वाटला जातो. माणसाच्या फऱ्याला असेच सतरा स्नायू चहूकडून धरून असतात. त्याचा उरोस्थीशी हाडाने येणारा संबंध एकट्या जत्रूच्या मार्फत, आणि तोही इतका गौण की, जन्मतः जत्रू नसलेली माणसेही हातांनी कामे करतात.

आखाड्यात जोर काढणाऱ्या मल्लाकडे या दृष्टीने पाहावे. तळहात जमिनीवर रोवले गेले की, तो घटकाभर चतुष्पाद होतो, आणि त्याची छाती बैलाप्रमाणेच दोन फऱ्यांच्या मध्ये लोंबते. तिला धरणारा मुख्य स्नायू वरच्या आठ-नऊ बरगड्यांपासून निघून फऱ्याच्या आतल्या कडेला जाऊन मिळतो. या स्नायूला हुकूम पोचविणारा लांब मज्जातंतू दुखावला, तर हाडे, सांधे व दंडाचे स्नायू शाबूत असूनही भिंतीवर रेटा देताना फरा पाठीवरून सुटून बाहेर येतो, आणि हात डोक्यावर पुरता जाईनासा होतो. कारण त्या सुमारे १८० अंशांच्या प्रवासातले जवळजवळ ६० अंश फऱ्याच्या फिरण्याचे असतात. अशा रुग्णाला दुखणे दंडात भासते, आणि उपचारही कित्येकदा दंडावरच होत राहतात. खांद्याचे दुखणे तपासताना पाठीवरचे वस्त्र काढून फऱ्याची चाल पाहावी, हा आग्रह मी म्हणूनच धरतो.

मात्र खांद्याचा हा दाखला सर्व देहाला सरसकट लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हाडे एकमेकांवर कोठेच टेकत नाहीत, असे ताणबंधाचे, म्हणजे देह ताणाच्या जाळ्यावर तोललेला असतो या कल्पनेचे, काही अभिमानी म्हणतात, पण गुडघ्यातील कूर्चा दाब सोसते, आणि त्या सोसण्याने झिजतेही. पावलात तर दाबलेली हाडे आणि ताणलेला तळव्याचा पट्टा एकाच कमानीत नांदतात. तो मामला पुढील आठवड्यात.