न थकणारा कारकून

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनीं कल्याणजवळच्या लष्करी छावणींत नवे संसार मांडिले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. तेव्हांपासून व्यापार हाच या गांवाचा प्राण होय. आमच्या कॅम्प नं. ३ मधील दुकानांत पूर्वीं लाल बांधणीच्या वह्या असत. आज त्यांच्या जागीं संगणक आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर लागू झाला, व नोंदणीकृत व्यापाऱ्यांस विक्रीचा तपशील संगणकाद्वारें सरकारास कळविणें भाग पडलें.

हें काम कसें चालतें तें पाहा. बिल उचलावें, त्याचा क्रमांक टाइप करावा, टॅब दाबावा, तारीख व रक्कम भरावी, आणि माऊसनें 'सेव्ह'वर क्लिक करावें. बिलें शंभर असलीं तर हीच क्रिया शंभर वेळां! बोटें दुखतात, डोळे शिणतात, आणि ६ चा ९ केव्हां झाला हें कळतही नाहीं.

मग संगणकाचें हें काम संगणकानेंच कां करूं नये? बटण दाबलें म्हणजे कीबोर्ड त्या बटणाचा संकेत संगणकाकडे पाठवितो, व संगणकाची मूळ व्यवस्था तो समोरच्या खिडकीस पोंचविते. तोच संकेत दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामनें पाठविला, तर नोंदीच्या प्रोग्रामास बहुधा भेद कळत नाहीं. ऑटोइट (१९९९) व ऑटोहॉटकी (२००३) हीं विंडोजवर चालणारीं मोफत साधनें याच तत्त्वावर उभीं आहेत. बिलांचा तक्ता एकदां तयार करावा, आणि 'ही ओळ वाच, क्रमांक टाइप कर, टॅब दाब, पुढच्या ओळीकडे जा' अशा आज्ञा लिहून द्याव्या. पुढें हा कारकून न थकतां काम करितो.

परंतु हा कारकून आंधळा आहे. एका दुकानदार स्नेह्यासाठीं मीं अशी योजना केली व निश्चिंत मनानें चहास गेलों. इकडे संगणक मंदावला. खिडकी उघडण्यापूर्वींच बटणें दाबलीं गेलीं, आणि एकाचें बिल दुसऱ्याच्या नांवावर चढलें. दुरुस्तीस दोन रात्री लागल्या. मनुष्य चुकतो तो एखाद्या बिलांत. यंत्र चुकलें म्हणजे पुढील सर्व बिलांत चुकत जातें.

त्या दोन रात्रींनीं मला चार नियम शिकविले. पहिला, यंत्रास अमुक क्षण थांब असें न सांगतां खिडकी उघडेपर्यंत थांब असें सांगावें. दुसरा, क्लिकची जागा पडद्यावरील अंतरानें ठरविली असल्यास खिडकी सरकली कीं क्लिक भलतीकडे पडतें. म्हणून शक्य तेथें टॅबनेंच पुढें जावें. तिसरा, नोंदीपूर्वीं पडताळा घ्यावा. करदात्याच्या जीएसटी क्रमांकांत १५ अक्षरें व अंक असतात. महाराष्ट्राचा क्रमांक २७ नें आरंभ होतो, आणि शेवटचें चिन्ह आधींच्या १४ वरून गणितानें काढलेलें असतें. तें न जुळल्यास यंत्रानें तेथेंच थांबावें. चौथा, प्रथम हिशेबाच्या प्रतीवर पांचच बिलें चालवून पाहावीं, व काम एकदम थांबविणारें एक बटण नेमून ठेवावें. शिवाय, जेथें अशा साधनांस मनाई असेल तेथें तीं वापरूं नयेत, हें सांगणें नकोच.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरीं वडील किंवा आई रात्रीं उशिरांपर्यंत नोंदी करीत असतील, तर ही विद्या शिकून त्यांचा भार अवश्य हलका करा. मात्र वांचलेल्या वेळांतला कांहीं वेळ मूळ बिल व नोंद शेजारीं ठेवून ताडून पाहण्यांत घाला. बटणें कोणींही दाबोत, हिशेबाचा जाब मालकासच द्यावा लागतो.