पट्टा अडला? आधी किल्ली काढा

अमेरिकेत मुलाकडे राहायला गेलेल्या आईवडिलांना एका दृश्याचे हमखास नवल वाटते. आठवडाभर तोंड न दाखवणारा शेजारी शनिवारी सकाळी लहानशा ट्रॅक्टरवर बसून आपल्याच अंगणात येरझारा घालत असतो. हे असते गवत कापायचे यंत्र, तिकडच्या भाषेत रायडिंग मोवर. घराभोवती अर्धा-पाऊण एकर हिरवळ असेल तर हे यंत्र मोठाच आधार. गवत वाढू दिले तर अनेक गावांत नगरपालिकेची नोटीस येते आणि माणूस लावायचा तर खिसा रिकामा होतो. म्हणून तिथल्या मराठी घरांतही असे यंत्र दिसते.

पाहुणे म्हणून गेलेल्या वडिलांना रिकामे बसवत नाही. गावी पाण्याचा पंप, पिठाची गिरणी हाताळलेली असते. यंत्र अडून बसले की हात आपोआप त्याच्या पोटात जातो. धोका आहे तो नेमका इथेच.

या गाडीच्या पोटाखाली एक लोखंडी डेक असतो. त्याच्या आत पाती आणि वर पुल्या. इंजिनापासून निघालेला रबरी पट्टा त्या पुल्यांना फिरवतो आणि स्प्रिंगने ओढलेली एक पुली त्याला ताणून धरते. ओक, पाइनची झाडे असली की काटक्या, पाइनची बोंडे आणि पानगळीचा पाचोळा डेकवर साचतो. ओले गवत कापले तर त्याचा लगदा पुलीभोवती थापला जातो व वाळल्यावर टणक होतो. बोटाएवढी काटकीही पट्टा खाचेतून उचलून बाहेर फेकू शकते. जळक्या रबराचा वास, किंचाळल्यासारखा आवाज आणि मधेमधे न कापलेले गवत ही त्याची लक्षणे. तरीही यंत्र रेटत राहिले तर पट्टा तुटतोच, शिवाय तापलेल्या सायलेन्सरजवळचा सुका कचरा पेटू शकतो.

पात्याच्या टोकाच्या वेगाला अमेरिकन मानकाने मिनिटाला १९,००० फुटांची मर्यादा घातली आहे. म्हणजे ताशी जवळजवळ साडेतीनशे किलोमीटर! म्हणून चालक सीटवरून उठताच पाती थांबवणारा स्विच यंत्रात असतो. तो तारेने बांधून ठेवणारे महाभाग तिकडेही आहेत. त्यांचे अनुकरण नको.

पट्टा अडला तर सपाट जागी यंत्र थांबवून पात्यांचा दांडा बंद करावा, हातब्रेक लावावा, किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकावी. पाती पूर्ण थांबू द्यावीत, इंजिन गार होऊ द्यावे आणि पेट्रोलच्या यंत्रात स्पार्क प्लगची वायर काढून ठेवावी. त्यानंतरही जाड हातमोजे हवेतच. ताणलेल्या पट्ट्यातली काटकी निघाली की पुली झटका घेते आणि तिच्याखालचे पातेही. एक पाते हलवले की दुसरेही फिरते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

डेक अगदी खाली आणून वरची झाकणे काढली की काम सोपे होते. कचरा लाकडी पट्टीने किंवा ब्रशने काढावा. स्क्रूड्रायव्हरने पट्टा उचकटू नये, कडा फाटतात. मग पट्टा उतरवून प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावी. खरखर वाजली किंवा डुगडुगली तर तिचे बेअरिंग गेले समजा. नवा पट्टा घातला तरी ती त्यालाही खाईल. पट्ट्याची आतली बाजू काचेसारखी चकचकीत किंवा भेगाळलेली असेल तर तो बदलावाच. पट्टा कुठून कसा न्यायचा याची आकृती पुष्कळदा यंत्रावरच चिकटवलेली असते. ती नसली तर पुस्तिकेत असते. नवा पट्टा यंत्राच्या पुस्तिकेतील क्रमांक पाहूनच घ्यावा. 'जवळपास तेवढाच' पट्टा घालण्याचा आपला जुगाड इथे महागात पडतो.

काम झाल्यावर दर वेळी डेकवरचा पाला झाडून टाकला तर ही वेळ क्वचितच येते. गवत सुके असताना आणि जरा उंच कापावे. वादळानंतर तर आधी अंगण वेचून घ्यावे. हे काम आजोबा आणि नातवंडांनी मिळून करण्यासारखे आहे. मात्र वेचणे संपले की लहानग्यांनी घरात जायचे. आजोबांच्या मांडीवर बसून फेरी मारायची नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मते तर सोळा वर्षांखालील मुलांना हे यंत्र चालवायलाही देऊ नये.