पडदा पडला, कीं पडदा टाकला ?

खिडकीला पडदा असतो, कानांत पडदा असतो, सतारीच्या दांडीवर पडदे असतात आणि चित्रपटगृहांतहि पडदाच असतो. हा शब्द मूळचा फारशी. अर्थ आच्छादन किंवा आडोसा. स्त्रियांच्या गोषाला पडदा म्हणत तें यामुळेंच. "तुमच्याशीं आडपडदा कसला ?" असें आपण विचारतों, तेव्हां हाच आडोसा मनाला लावलेला असतो.

मग पडदा म्हणजे शेवट, हा अर्थ कोठून आला ? त्याचा माग रंगभूमीवर लागतो. संस्कृत नाटकांतहि पडदा होता. जवनिका, यवनिका, पटी हीं त्याचीं नांवें. परंतु तो सामान्यतः प्रेक्षकांच्या व नटांच्या मध्यें नसून नटांच्या पाठीशीं असे, आणि त्यामागील जागा तें नेपथ्य. अंक संपला म्हणजे सर्व पात्रें निघून जात. एकादें पात्र घाईनें यावयाचें असेल, तर तें पडदा उडवून येई. म्हणजे त्या पडद्याचें नातें शेवटाशीं नसून प्रवेशाशीं होतें. आपल्या लग्नांतील अंतरपाटहि याच जातीचा. तो दूर होतो तेव्हां संसाराला आरंभ होतो.

विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें. पुढें पाश्चात्त्य धर्तीच्या नाटकगृहांबरोबर समोरचा दर्शनी पडदा आपल्याकडे रूढ झाला. अंक संपतांच तो पडूं लागला, आणि 'प्रकरणावर पडदा पडला' हें बोलणें सर्वांस सहज समजूं लागलें.

अशा रीतीनें झांकणें आणि संपणें हे दोन्ही अर्थ एकाच शब्दांत येऊन बसले, आणि घोटाळा झाला तो येथेंच. नाटक पडद्यामुळें संपत नाहीं. तें संपतें म्हणून पडदा पडतो. अंक अर्धा असतां कोणी दोरी सोडली, तर पात्रें पडद्याआड तशींच उभीं राहतात.

भावाभावांत इस्टेटीचा तंटा लागतो. घरांतील वडील माणूस म्हणतो, "आतां यावर पडदा टाका." हिशेब दाखविले गेले असतील, वांटणी दोघांस पटली असेल, तर हा सल्ला शहाणपणाचा होय. कागद पेटींतच राहिले असतील, तर त्याला पडदा टाकणें म्हणूं नये. पांघरूण घालणें हा नेमका शब्द मराठींत आहे. सार्वजनिक गैरव्यवहाराची चौकशी अपुरी ठेवून 'प्रकरणावर पडदा पडला' असें वर्तमानपत्रांत छापून येतें, तेथेंहि हीच कसोटी लावावी. पडदा आपण होऊन पडला, कीं कोणी टाकला, आणि त्यामागें अजून कोण उभें आहे, एवढें वाचकानें विचारलें पाहिजे.