सवलतीचा फ्लॅट : उतारा बघा, मग भाव करा



या पानावर आम्ही एरवी लागण, बेणेबदल, हुमणी आणि खोडवा व्यवस्थापन याबद्दल लिहितो. या अंकात विषय जरा वेगळा घेतला आहे. अलीकडे गट ऑफिसला ऊस नोंदीसाठी येणारे सभासद नोंद झाली की खिशातून एक रंगीत माहितीपत्रक काढतात आणि विचारतात, "साहेब, पुण्यात फ्लॅट घ्यावा म्हणतोय. ऐंशी लाखांचा बहात्तरला देतायत. कसं वाटतं?" कुणाचा मुलगा हिंजवडीला नोकरीला, कुणाची मुलगी शिक्षणाला, तर कुणाकडे रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला आलेला. काही जण एकरभर बागायत विकून पैसा उभा करण्याच्या बेतात असतात. विकलेले रान परत येत नाही, म्हणून हा विषय ऊसवाढीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आम्ही बांधकामातले जाणकार नव्हे. पण मालाची किंमत कशी काढायची याची रीत सगळीकडे एकच, आणि ती ऊस उत्पादकाला कुणी शिकवायला नको.

सवलत कशावरची?

पहिला प्रश्न हा. आठ लाख कमी केले म्हणतात, पण मूळचे ऐंशी कुणी ठरवले? उसाची एफआरपी केंद्र सरकार जाहीर करते आणि ती साखर उताऱ्याशी बांधलेली असते. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये होती. हिशेब कारखान्यालाही ठाऊक आणि सभासदालाही. फ्लॅटच्या छापील भावाचे तसे नाही. तो विकणाऱ्यानेच लिहिलेला असतो. पाडव्याला वाढवायचा, दसऱ्याला उतरवायचा आणि उतरवलेल्या आकड्याला सवलत म्हणायचे, असेही होऊ शकते. म्हणून छापील भाव आणि सवलत दोन्ही बाजूला ठेवा. फक्त एवढेच विचारा : आज हातातून किती जाणार आणि त्या बदल्यात काय मिळणार?

भरगाडीचे वजन घेऊ नका

वजनकाट्यावर आपण भरलेल्या गाडीचे वजन करतो, मग रिकाम्या गाडीचे, आणि वजावट करून बिल काढतो. गाडीच्या लोखंडाचे पैसे कुणी देत नाही. फ्लॅटमध्ये लोखंड म्हणजे जिना, लिफ्ट, लॉबी, क्लब हाऊस. हे सगळे मिळवून ९०० चौरस फूट सांगतात. पायाखाली येते ते ६५०. याला कार्पेट क्षेत्र म्हणतात. त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. २०१६ च्या रेरा कायद्याने ही व्याख्या पक्की केली आहे. तेव्हा भाव करायचा तो कार्पेटवरच. ७२ लाख भागिले ६५०, म्हणजे फुटाला सुमारे ११,०७७ रुपये. माहितीपत्रकातल्या ९०० फुटांवर हाच भाव ८,००० दिसतो. फरक ध्यानात घ्या.

शेजारच्या दस्तात काय लिहिले आहे?

आता हा भाव जास्त की कमी? विक्री ऑफिसातल्या पोराला विचारून कळणार नाही. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन पाहता येते. गाव, गट किंवा सर्व्हे नंबर आणि वर्ष घातले की व्यवहाराची रक्कम, क्षेत्र व तारीख दिसते. त्याच रस्त्यावरच्या, ताबा मिळालेल्या इमारतींतले गेल्या वर्षातले सात-आठ दस्त काढा. क्षेत्र कार्पेट आहे ना, तेही बघून घ्या. स्वतः जमत नसेल तर वकिलाकडून काढून घ्या. लाखोंच्या व्यवहारात तो खर्च काहीच नाही.

समजा, तिथे कार्पेटला सरासरी १०,३०० रुपये निघाले. म्हणजे ६५० फुटांचे ६६ लाख ९५ हजार. तयार घर, आजच कुलूप उघडून राहायला जाता येईल असे. आणि आपल्याला सवलत देऊन मिळतोय तो ७२ लाखांना, तोही दोन वर्षांनी ताबा! नवेपणाचे म्हणून लाख-दोन लाख जास्त द्यायला हरकत नाही. पण ही सवलत म्हणायची की वाढीव भाव, ते आपणच ठरवा.

सगळा खर्च एका कागदावर

इथे बहुतेकांची गल्लत होते. वरचेच उदाहरण पुढे नेऊ. बांधकाम चालू असलेला फ्लॅट ७२ लाख. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क व अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ४ हजार. नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार. जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार. पार्किंग, क्लब, वीज मीटर, दोन वर्षांचा आगाऊ देखभाल खर्च असे मिळून समजा ४ लाख. बेरीज झाली ८४ लाख ९४ हजार.

शेजारचा तयार फ्लॅट बघा. ६६ लाख ९५ हजार, त्यावर ७ टक्के म्हणजे ४ लाख ६९ हजार, नोंदणी ३० हजार. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर जीएसटी लागत नाही. बेरीज ७१ लाख ९४ हजार. फरक बरोबर १३ लाखांचा. शिवाय पहिल्या फ्लॅटसाठी दोन वर्षे थांबायचे. महिना २२ हजार भाडे धरले तर आणखी ५ लाख २८ हजार गेले.

दोन बारकावे सांगतो. खरेदी फक्त महिलेच्या नावे असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. दुसरे, शुल्क भरायचे ते कराराची रक्कम आणि सरकारी रेडी रेकनर यांत जी जास्त असेल तिच्यावर. करार रेडी रेकनरपेक्षा १० टक्क्यांहून अधिक खाली असेल तर मधला फरक घेणाऱ्याचे उत्पन्न धरून त्यावर आयकर लागू शकतो. फारच स्वस्त मिळतंय म्हणून हुरळून जाऊ नये ते यासाठी.

भाडे म्हणजे उतारा

आपण उसाची पारख उंचीवरून करत नाही. उंच, हिरवागार फड दिसतो छान, पण खरी गोष्ट उताऱ्यात कळते. फ्लॅटचा उतारा म्हणजे त्याचे निव्वळ भाडे. महिना २२ हजार म्हणजे वर्षाला २ लाख ६४ हजार. त्यातून सोसायटीची देखभाल ४२ हजार, मिळकत कर १८ हजार आणि एखादा महिना रिकामा गेला तर २२ हजार वजा करा. उरले १ लाख ८२ हजार. ८४ लाख ९४ हजारांवर हा उतारा सव्वादोन टक्केही पडत नाही. बँकेच्या साध्या ठेवीला यापेक्षा जास्त मिळते. मग बाकीचा सगळा भरवसा पुढे भाव वाढण्यावर. तो वाढेलही. पण वाढेल याची हमी माहितीपत्रकात कुठे दिलेली नसते.

कर्जाचेही बघा. ६० लाख, २० वर्षे, साडेआठ टक्के धरले तर हप्ता महिना सुमारे ५२ हजार. भाडे आले २२, पदरचे घालायचे ३०. वर्षाचे हप्ते सव्वासहा लाखांच्या घरात. वरच्या एफआरपीने हे सुमारे १७६ टन उसाचे पैसे झाले, तेही तोडणी-वाहतूक कापण्याआधीचे. आणि हप्ता दर महिन्याच्या ठरल्या तारखेला जातो. आपला आडसाली ऊस पंधरा-अठरा महिन्यांनी तुटतो. टोळी उशिरा आली म्हणून बँक थांबत नाही.

मुलगा तिथेच नोकरीला आहे आणि स्वतः राहणार आहे, त्याचा पगार हप्ता पेलतो, तर हिशेब वेगळा. राहते घर ही गरज आहे, त्याला उतारा लावून चालत नाही. पण तिथेही भाव जास्त देण्याचे कारण नाही.

स्वस्त का देतोय?

बैलबाजारात जातिवंत बैल कमी किमतीला निघाला तर आपण आधी त्याचे खूर आणि दात बघतो. तसेच इथे. कधी कारण चांगले असते. इमारत पूर्ण, भोगवटा प्रमाणपत्र हातात, शेवटचे पाच-सहा फ्लॅट उरलेत आणि मालकाला पैसा मोकळा करायचा आहे. ही सवलत खरी. अशा ठिकाणी बसून, मुद्द्याला धरून भाव करावा. कधी कारण फ्लॅटमध्येच असते : नाल्याकडची बाजू, डीपीवरचा पहिला मजला, उजेड नसलेली खोली. कधी पाण्याचे. म्हणून फ्लॅट बघायला एप्रिल-मे महिन्यात जावे आणि दारात दिवसाला किती टँकर येतात ते वॉचमनला विचारावे.

बँकेच्या लिलावातले फ्लॅटही स्वस्त दिसतात. ते 'जसे आहे, जिथे आहे' या अटीवर विकले जातात. बँकेकडे ताबा प्रत्यक्ष आहे की नुसता कागदोपत्री, आत कुणी राहतंय का, सोसायटीची आणि कराची थकबाकी किती, हे घेणाऱ्यानेच शोधायचे असते.

आणि ती वीस-ऐंशी योजना! आत्ता वीस टक्के भरा, ताब्यापर्यंत व्याज बिल्डर भरेल. कर्ज मात्र तुमच्याच नावावर. उचल मुकादमाने घ्यायची आणि सही आपली, त्यातलाच हा प्रकार. बिल्डरने व्याज थकवले की बँकेचा माणूस तुमच्या दारात. २०१३ साली रिझर्व्ह बँकेने कर्जाची रक्कम बांधकामाच्या टप्प्याप्रमाणेच सोडा असे बँकांना बजावले. २०१९ साली राष्ट्रीय आवास बँकेने गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहायला सांगितले. त्यामागे अशीच अडकलेली माणसे होती.

कायद्याचा आधार घ्या

महारेरा १ मे २०१७ पासून काम करते. जाहिरातीवर नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड असायलाच हवा. त्यावरून मंजूर नकाशे, किती फ्लॅट विकले गेले, पूर्ण करण्याची मुदत किती वेळा वाढवली, जमिनीवर बोजा वा दावा आहे का, हे घरबसल्या दिसते. नोंदणीकृत करार केल्याशिवाय १० टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही. आज ऑफर संपतेय म्हणून लाखभर रुपये टेबलावर ठेवू नका. ताबा लांबला तर व्याजासह पैसे परत मागता येतात, किंवा थांबून दरमहा व्याज घेता येते. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो बिल्डरने विनामोबदला दुरुस्त करायचा. तोंडी आश्वासने करारात लिहून घ्या. मोफत मॉड्युलर किचन करारात नसेल तर ते नाहीच असे समजा.

इमारत झिजते, जमीन राहते

शेवटचा मुद्दा आपल्या जिव्हाळ्याचा. फ्लॅटचा भाव वीस वर्षांत वाढतो तो मुख्यतः खालच्या जमिनीमुळे. वरचे बांधकाम जुनेच होत जाते. बावीस मजल्यांच्या इमारतीत एका फ्लॅटच्या वाट्याला जमीन किती येते ते विचारा. ती सोसायटीच्या नावे कधी होणार, तेही विचारा. याला अभिहस्तांतरण म्हणतात, आणि शहरातल्या कितीतरी जुन्या सोसायट्या यावरूनच भांडत बसल्या आहेत.

मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला प्रशिक्षणाला जाताना आपण हडपसरची मगरपट्टा सिटी पाहतो. तिथल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन तुकड्यातुकड्याने न विकता एकत्र केली, कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले, आणि २००० सालाच्या सुमारास काम सुरू केले. ज्यांच्या हाती जमीन, त्यांच्या हाती वाढ राहिली. एकर विकून तेविसाव्या मजल्यावर दोन खोल्या घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

तेव्हा विसार देण्याआधी एक कागद घ्या. त्यावर पाच आकडे लिहा : कार्पेट क्षेत्र, शेजारच्या दस्तांचा भाव, सगळ्या खर्चासह एकूण रक्कम, वर्षाचे निव्वळ भाडे, आणि दरमहाचा हप्ता. मालकीचा तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या. घरच्या बाईमाणसांना आणि कमावत्या मुलांना बसवून तो कागद वाचा. पाचही आकडे पटले तर सवलत नसली तरी फ्लॅट घ्या. एखादा जरी अडला, तर कितीही सवलत असली तरी रान विकू नका.