पालकाच्या पानात पोचलेलं औषध

नवी मुंबईतल्या सारसोळ्याहून नेरुळ स्टेशन गाठून लोकल पकडली की जुईनगर, सानपाड्याच्या आसपास रुळांच्या कडेला पालक, माठ, मुळ्याचे वाफे दिसतात. रुळांलगतच्या अशा भाजीला अनेकदा नाल्याचंच पाणी मिळतं. ती मिठाच्या पाण्यात धुतली की आपण निर्धास्त होतो. धुण्याने माती जाते, बरेचसे जंतूही जातात. मुळांवाटे आत शिरलेलं औषध मात्र जात नाही.

औषध नाल्यात येतं आपल्याच घरातून. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन शरीरात मोडत नाही, जसंच्या तसं लघवीतून बाहेर पडतं. फेफऱ्यावरचं कार्बामाझेपिन सांडपाण्यात फार चिवट; मलप्रक्रिया केंद्रातल्या जीवाणूंना ते फारसं फोडता येत नाही.

पानांतून पाण्याची वाफ होत राहते आणि त्या ओढीने मुळं पाणी खेचतात. कार्बामाझेपिनच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो मुळांच्या पेशींची पटलं सहज ओलांडतो आणि जलवाहिन्यांतून थेट पानात पोचतो. तिथे पाणी उडून जातं, औषध मागे उरतं, मिठागरात मीठ उरावं तसं. डायक्लोफिनॅकसारखे ऋणभारित रेणू पेशींच्या दारातच बरेचसे अडतात. वनस्पती काही औषधांना साखरेची जोड देऊन पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या कप्प्यात, कोंडूनही ठेवतात. टोमॅटोसारख्या फळांना बराचसा पुरवठा रसवाहिन्यांतून होतो, म्हणून त्यांत कार्बामाझेपिन कमी सापडतं. धोक्यात पालेभाजीच पुढे.

माणसापर्यंत हे पोचतं का? जेरुसलेमच्या संशोधकांनी 34 निरोगी स्वयंसेवकांवर केलेला प्रयोग 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावरची भाजी आठवडाभर खाल्ल्यावर त्यांच्या लघवीत कार्बामाझेपिन वाढलं. गोड्या पाण्यावरची भाजी दिल्यावर उतरलं. हे पाणी प्रक्रिया केलेलं होतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्या नाल्यांना तेवढंही नशीब नाही.

प्रमाण हे औषध घेणाऱ्या रुग्णांच्या लघवीतल्यापेक्षा हजारो पटींनी कमी होतं, म्हणून पालक सोडायचं कारण नाही. पण गर्भवतीच्या आणि लहान मुलांच्या ताटात, न मागितलेलं औषध थेंबभरही का असावं? पालेभाजीला नाल्याचं पाणी देणं थांबलंच पाहिजे आणि त्यासाठी या शेतकऱ्यांना स्वच्छ पाणी पुरवावं लागेल. तोवर मुदत संपलेल्या गोळ्या संडासात टाकू नका, आणि जुडी घेताना भाजीवाल्या मावशींना विचारा, मळा कुठल्या पाण्यावर आहे?